पाडव्याचं वजन

आमच्या घरात सगळ्यांचं वजन सगळ्यांना पाठ असतं. हसू नका. भुसार दुकानदाराच्या घरात जन्माला आला असतात तर तुमच्याही नशिबी हेच आलं असतं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक मोठा काटा आहे. खाली लोखंडी फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं वजन. वर्षभर त्यावर ज्वारीची आणि तुरीची पोती चढतात आणि दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आम्ही चढतो. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी चालवलं. आधी काट्याला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, हळदकुंकू वाहायचं, मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकानं फळीवर उभं राहायचं. आकडा मोठ्यानं सांगायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. वजन वाढलं की घरात बरकत आहे असं समजायचं. कमी भरलं तर त्या माणसाला दिवसभर आग्रह करकरून वाढायचं.

या टाळ्या सगळ्यात जास्त घेतल्या त्या माझ्या थोरल्या भावानं. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला तम्मा म्हणायचा. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी, त्यामुळं धाकटा भाऊ तो तम्माच. अण्णा चांगला भरलेला गडी होता. पोट पुढं, मान जाड, आवाज पेठेच्या टोकापर्यंत जाणारा. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो की काडीपैलवान दिसायचो. राग मात्र माझ्याकडं आला, सगळाच्या सगळा. अण्णाला मी ओरडताना फारसं बघितलं नाही. तो हसायचा आणि पाहिजे तेच करायचा. ह्याचाच मला जास्त राग यायचा.

तर त्याच्या डोक्यात गाडीचं खूळ शिरलं. गाडी आमच्या वडिलांची. अडीचशे सीसीची जुनी टू-स्ट्रोक. कंपनीचं नाव घेत नाही. इंजिन एका सिलिंडरचं आणि सायलेन्सर दोन म्हटल्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. वडील तिच्यावरून गावोगाव माल बघायला जायचे, होटगीपासून पार अक्कलकोटपर्यंत. मागं पोतं बांधायला भक्कम लोखंडी कॅरियर, आई बसायची म्हणून साडी गार्ड, पुढं पाय सुरक्षित राहावेत म्हणून क्रॅश गार्ड, शिवाय हौस म्हणून दोन आरसे. वडील गेल्यावर ती मागच्या खोलीत रिकाम्या बारदानाखाली पडून होती.

कोल्हापूरच्या अलीकडं एक ट्रॅक आहे. तिथं जुन्या गाड्यांची शर्यत होते हे अण्णाला कुठूनसं कळलं. नियम असा की इंजिन आणि सांगाडा मूळचाच पाहिजे, बाकी काय काढायचं ते काढा. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा गादीवर बसून सुपारी कातरत होता. म्हणाला, "तम्मा, बाबांची गाडी एकदा ट्रॅकवर पळवायचीय. मीच चालवणार."

"कोण, तू?" माझं डोकं सटकलंच. "पन्नाशी उलटली, पोट गादीवर मावंना, आणि रेस? लोक काय म्हणतील बे?"

"एकदाच की," तो म्हणाला. "एकदा पळवली की परत नाव काढणार न्हाय."

लहानपणी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ यायचा. बाकीची पोरं पाळण्यात बसायला भांडायची, अण्णा मात्र त्या लाकडी विहिरीच्या कठड्याला तास न् तास चिकटून उभा राहायचा. त्या गाड्यांना ना मडगार्ड, ना दिवा. नुसता सांगाडा आणि आवाज. परत येताना तो मला विचारायचा, तम्मा, आपली गाडी अशी केली तर? आणि वडिलांना ऐकू गेलं की कान लाल होईपर्यंत पिरगाळून घ्यायचा. म्हणजे हे खूळ काही नवीन नव्हतं. ते त्याच्यात एवढं खोल मुरलं असेल हे मात्र मला कळायला उशीर लागला.

उन्हाळ्यात आम्ही गाडी उघडली. आम्ही म्हणजे अण्णा. मी नुसता पाने द्यायला आणि तोंड वाजवायला. पहिल्यांदा त्यानं मधला स्टँड काढला, कारण तोच सगळ्यात जड. मग कॅरियर, क्रॅश गार्ड, आरसे, दिवा, दोन्ही मडगार्ड, चेनवरचं पत्र्याचं झाकण, हत्यारांची पेटी. साडी गार्ड काढताना मात्र तो थोडा थांबला. त्याच्या जाळीत आईच्या पायाच्या टाचेनं एक जागा घासून गुळगुळीत झाली होती. त्यानं ते वेगळं ठेवलं, भंगारात टाकलं नाही. चिंचोळी एमआयडीसीत त्याचा शाळेतला एक दोस्त टर्नर होता. सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडं जाऊन चाकांच्या लोखंडी रिमांच्या जागी ॲल्युमिनियमच्या बसवल्या, पत्र्याचे पातळ सायलेन्सर वाकवून घेतले, जिथं म्हणून भोकं पाडता येतील तिथं पाडली. टर्नरनं फक्त ब्रेकच्या दांड्याला हात लावू दिला नाही. म्हणाला, "हिथं भोक पाडलंस तर भावाला तुझ्या फुलं आणावी लागतील." आम्ही तिघंही खो खो हसलो.

काय काढलं आणि किती उतरलं हे बघायला आमच्याकडं काटा होताच. पण स्टँड काढलेली गाडी काट्यावर एकटी उभी राहणार कशी? कुणीतरी वर बसून पाय टेकायला पाहिजे. फळी चांगली रुंद, त्यामुळं पायही फळीवरच यायचे. साहजिकच अण्णा बसायचा. "ट्रॅकवर तरी गाडी एकटी कुठं पळणाराय," असं म्हणायचा. मी दांडीवरचं वजन सरकवायचो आणि जिथं दांडी सरळ झाली तिथं खडूची खूण करायचो. अण्णाचं वजन तर मागच्या पाडव्याचं पाठच होतं, ते वजा केलं की गाडीचं निघायचं. साधा हिशेब, त्यात काय चुकणार?

खूण दर वेळी मागं सरकायची. ज्या दिवशी ती चांगली बोटभर सरकायची त्या दिवशी अण्णा कोपऱ्यावरून भजी मागवायचा. आमचा म्हातारा हमाल, मी, चिंचोळीचा टर्नर असला तर तो, सगळे ताव मारायचो. अण्णा खायचा नाही. "हात ऑइलचा हाय, नंतर खातो," म्हणायचा. त्याच्या वाटणीची भजी हमाल घरी घेऊन जायचा.

पावसाळा संपता संपता मला एक गोष्ट खटकायला लागली. काढलेल्या सामानाचा ढीग मी कुतूहलानं एकदा वेगळा मोजला, तर गाडीची जेवढी घट काटा दाखवत होता तेवढा तो भरेना. आठ-दहा किलोचा फरक. आमच्या वडिलांनी आयुष्यात कधी कमी मापलं नाही. मूठभर जास्त गेलं तर गेलं, पण गिऱ्हाईकाला कमी जाता कामा नये, असा त्यांचा कडक नियम. आणि त्यांचाच काटा आता बिघडलेला? म्हणजे किती जणांना आम्ही चुकीचं माप दिलं असेल? माझी झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी काटे दुरुस्त करणाऱ्याला बोलावला. त्यानं फळी उचलून बघितली, कड्या-सळ्या तपासल्या, आपली प्रमाणित वजनं चढवली-उतरवली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काटा एकदम बरोबर हाय, सावकार. तुमचंच कायतरी चुकलालंय."

"आमचं काय चुकतंय?" मी त्याच्यावरच खेकसलो. अण्णा गादीवर होता. त्यानं मान वर केली नाही.

वैनी, म्हणजे अण्णाची बायको, शांत बाई. माझ्या तोंडाला फारशी लागत नाही. पण तिनंच पहिल्यांदा म्हटलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, पदराला हात पुसत. "भाऊजी, हे बारीक झालेत. शर्ट बघा की कसा लोंबतोय. कमरेला पट्ट्याची भोकं वाढवून घेतलीत."

"रेस खेळायचीय न्हवं, म्हणून कमी खात असंल," मी म्हटलं.

"कमी न्हाय, खातच न्हाईत," ती म्हणाली आणि आत गेली.

खरं सांगतो, बघून मलाही वाटलं होतं. गळ्याच्या हाडाखाली खळगा पडला होता. पण अण्णाला विचारलं की तो हसून म्हणायचा, रायडर हलका पाहिजे, गाडी हलकी करून काय उपयोग? आणि अधूनमधून होटगीला तूर बघायला जातो म्हणून दिवसभर गायब व्हायचा. तूर काही यायची नाही. भाव जमला नाही, म्हणायचा.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आम्ही जुनी लोखंडी वजनं पुजतो. आता गल्ल्यावर इलेक्ट्रिक काटा आहे, पण ती वजनं आजोबांपासूनची. हमाल ती पेटीतून काढतो, चिंचेनं घासतो, तेलाचा हात देतो आणि पाटावर मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीनं मांडतो. त्या दिवशी ओळीत मधेच जागा रिकाम्या. पाच किलोची दोन्ही वजनं गायब, एक किलोचीही दोन्ही गायब. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लक्ष्मीच्या दिवशी वजन हरवणं म्हणजे आमच्याकडं दिवाच विझण्यासारखं. मी सगळं दुकान पालथं घातलं, पोत्यांच्या मागं बघितलं आणि शेवटी हमालावर घसरलो.

"पेटीची चावी तुझ्याकडं असते. कुणाला दिलीस?"

म्हातारा हातातलं तेलाचं फडकं खाली ठेवून उभा राहिला. वडिलांच्या हाताखाली काम केलेला माणूस. "मालक, मी कशाला घिऊ वजनं? माज्या काय कामाची ती?" मला तेव्हा त्याचीही दया आली नाही, एवढा मी तापलो होतो.

अण्णा पाटाजवळ बसला होता. त्यानं मुठीत अक्षता घेतल्या आणि त्या रिकाम्या जागांवर टाकल्या. "पूजा कर, तम्मा. जाणार कुटं? येतील." एवढंच बोलला. मी पूजा केली, पण मनातून धुसफुसतच.

पाडव्याला सकाळी अण्णा वडिलांची बंडी घालून आला. आमच्याकडच्या जुन्या व्यापाऱ्यांची असते तशी, आतून दोन्ही बाजूंना खोल खिसे, त्यात वडील नोटांची पुडकी ठेवायचे. वरून पांढरा सदरा. वैनीनं विचारलं, "आज सासऱ्यांची बंडी?" तर म्हणाला, "पाडवा हाय. बाबांची आठवण आली." माझे डोळे भरून आले, बघा. आदल्या दिवसाचा राग कुठल्या कुठं गेला.

तो फळीवर चढला. मी दांडीवरचं वजन सरकवत सरकवत आणलं आणि दांडी सरळ झाली ती बरोबर मागच्या वर्षीच्या आकड्यावर. अगदी तिथंच. मी आनंदानं ओरडलोच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे अण्णा जसाच्या तसा होता, काटा बरोबर होता आणि जी काही घट होती ती सगळी गाडीची होती. सामानाचा ढीग मोजताना माझंच कुठंतरी चुकलं असणार. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं मला.

वैनीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. "भाऊजी, परत एकदा बघा," ती म्हणाली.

"वैनी, माणसाला भास होतो. आपला काटा खोटं बोलत न्हाय," मी म्हटलं.

अण्णा फळीवरून उतरला, तेव्हा काट्याच्या खांबाला धरून उतरला. मी ते बघितलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. समोर आकडा होता ना.

गड्ड्याची जत्रा आटपली आणि शर्यतीचा दिवस ठरला. निघायच्या आधी अण्णानं स्वतःचं शेवटचं वजन करायला लावलं. थंडी आहे म्हणून अंगात तीच बंडी. पाडव्याच्या आकड्यावरच भरला. गाडी टेंपोत चढवली, टर्नर मागं गाडीला धरून बसला, आम्ही दोघं पुढं. पहाटेच्या गार वाऱ्यात अण्णा सगळ्या वाटेत गप्प होता. एरवी हा माणूस पाच मिनिटं गप्प बसत नाही. मी आपला त्याला चिडवत होतो, घाबरलास काय बे अण्णा, अजून वेळ हाय, परत फिरू या. तो नुसता हसायचा.

ट्रॅकवर बरीच माणसं होती. पुण्याची, बेळगावची, बंगळूरची. चकाचक गाड्या, चकाचक कपडे. आमची गाडी बघून दोघं-तिघं जवळ आले, भोकं पाडलेली चाकं बघून त्यांनी माना डोलावल्या. अण्णाचा चेहरा उजळला. तिथं चामड्याचे कपडे घातल्याशिवाय सोडत नाहीत, ते टर्नरनं कुणाकडून तरी मागून आणले होते. पत्र्याच्या शेडमागं अण्णा कपडे बदलायला गेला आणि मला हाक मारली.

त्यानं सदरा काढला होता. बंडी काढून माझ्या हातात दिली. मी ती सहज धरायला गेलो आणि माझा हातच खाली गेला.

"काय दगड भरलास काय बे ह्यात?" मी म्हटलं आणि खिशात हात घातला. लोखंड लागलं. गार. पाच किलोचं वजन. दुसऱ्या खिशात दुसरं. खाली किलोची दोन. आणि त्यांच्यासोबत एक जादा, आमच्या दुकानाचं नव्हे, दुसऱ्याच शिक्क्याचं. पाडव्यानंतरही वजन उतरतच होतं म्हणून ते आणावं लागलं असणार. मी अण्णाकडं बघितलं. उघड्या अंगानं उभा होता. जिथं पोट होतं तिथं आता काहीच नव्हतं. बरगड्या मोजून घ्या. पाडव्याला तिथं ही वजनं होती आणि वर सदरा.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"गणपतीच्या आधी कळलं. पोटातलंय. सोलापुरातल्या डॉक्टरनं सांगितलं, मग आणखी एकाला दाखवलं." त्याचा आवाज एकदम साधा होता, तुरीचा भाव सांगावा तसा. "होटगीला जात नव्हतो मी. कळलं असंलच आता."

"आणि घरात?"

"सांगितलं असतं तर तू गाडीला हात लावू दिला असतास? पहिल्यांदा तूच कुलूप लावलं असतंस. दवाखाना, मुंबई, हे, ते. ते होणारच हाय, तम्मा. करतो की मी सगळं. पण हे आधी." मग त्यानं माझ्या हातातल्या बंडीकडं बघितलं. "बाबांची वजनं हायत. घरी नेऊन जाग्यावर ठेव. हमालाला सांग, चोरी न्हवती म्हणून."

मी असा तापलो की डोळ्यांपुढं अंधारी आली. सहा महिने ह्या माणसानं मला मूर्ख बनवलं. आपल्याच काट्यावर, आपल्याच बापाच्या वजनांनी. ज्या घरात गिऱ्हाईकाला मूठभर कमी कधी दिलं नाही त्या घरात ह्यानं मला रोज कमी मापलं आणि मी टाळ्या वाजवत बसलो. त्याच्या दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटलं. आणि त्याच क्षणी त्याला लहान पोरासारखं कवेत घेऊन टेंपोत बसवून घरी न्यावं असंही वाटलं. दोन्हीतलं काहीच झालं नाही. मी तिथं बंडी घेऊन नुसता उभा राहिलो.

"ओरड की," अण्णा म्हणाला. "आज ओरडला न्हाईस तर मला करमणार न्हाय."

मला रडू फुटलं. त्यानं चामड्याचा कोट घातला, तो त्याच्या अंगावर दोऱ्यावर वाळत घातल्यासारखा दिसत होता. "चल," म्हणाला, "नाव पुकारलालेत."

आता सगळं माझ्या हातात होतं, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. वजन कमी करायच्या नादात आम्ही किकचा भागही काढून टाकला होता. गाडी चालू करायची तर मागून ढकलायलाच पाहिजे आणि ढकलणारा मी. टर्नरला काही माहीत नव्हतं, तो पलीकडं पेट्रोलचा डबा घेऊन उभा. मी नाही म्हटलं असतं तर गाडी जागची हलली नसती. बाकी सगळे रांगेत लागले. अण्णानं मान वळवली नाही. त्यानं क्लच दाबून धरला आणि वाट बघत बसला. ओरडला असता, विनवलं असतं, तर मी नक्की नाही म्हटलं असतं. तो नुसता वाट बघत राहिला.

मी ढकललं.

आणि तेव्हा मला कळलं काय ते. गाडीचं वजन मला माहीत होतं, उन्हाळ्यापासून मी ते सरकवत होतो. माझ्या हाताला जे लागलं ते जवळजवळ तेवढंच. वर माणूस बसलाय हे हातांना जाणवेचना. चार पावलं पळालो नाही तोवर गाडी माझ्या हातून निसटली, इंजिन धडधडलं, निळा धूर माझ्या तोंडावर आला आणि अण्णा गेला.

शर्यतीचं काय सांगू? तो जिंकला नाही. पहिल्या काही फेऱ्यांत मधे होता, मग मागं पडला. वळणावर त्याची मान एका बाजूला जायची आणि मला वाटायचं आता पडला. पण सरळ पट्ट्यावर ती गाडी अशी पळायची, अशी पळायची, की शेजारच्या बेळगावच्या माणसानं मला विचारलं, कुणाची हो ही? मी म्हटलं, आमच्या वडिलांची. दर फेरीला तो समोरून जायचा तेव्हा मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा असायचो, खांद्यावर बंडी. शेवटून दुसरा आला. आत आला तेव्हा इंजिन बंद करून बसूनच राहिला. स्टँड नाही, पायात बळ नाही. "धर," म्हणाला. मी एका हातानं गाडी धरली आणि दुसऱ्या हातानं त्याला. टर्नर धावत आला आणि अण्णाचा चेहरा बघून जागीच थांबला.

"मौत का कुआँपेक्षा भारी," अण्णा हसत म्हणाला. ओठ पार पांढरे पडले होते.

घरी आल्यावर मी वजनं हमालासमोर ठेवली आणि अण्णानं सांगितलं होतं ते सांगितलं. त्यानं एकेक वजन हातात घेऊन बघितलं, पुसलं आणि पेटीत ठेवलं. जादाचं एक बाजूला काढलं. वैनीला सांगायचं काम अण्णानं स्वतः केलं, दार लावून. आतून रडण्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली आणि माझ्या पुढ्यात ताट ठेवलं. म्हणाली, "जेवा, भाऊजी." त्यापेक्षा तिनं मला फोडून काढलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचं लांबवत नाही. दवाखाना, सुया, मुंबई, परत सोलापूर. म्हणाला होता तसं त्यानं सगळं केलं. माझ्या समजुतीसाठीच केलं, असं वाटतं. गणपतीच्या आधी कळलं असं तो म्हणाला होता खरा, पण गाडी आधी ठरली की आजार आधी कळला, हे मी त्याला शेवटपर्यंत विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं असं कधी वाटतं, कधी वाटतं बरंच झालं. उन्हाळा लागायच्या आत तो गेला.

आमच्यात, लिंगायतांत, माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. वैनीनं आतून वडिलांची बंडी आणून दिली. म्हणाली, हीच घाला. मी त्याला ती घातली आणि घालताना माझे हात आपोआप खिशात गेले. दोन्ही खिसे चाचपून बघितले. वैनी बघत होती. काही नव्हतं. मग आम्ही चौघांनी त्याला उचललं. चौघंही पोती उचलणारी माणसं, अंगात जोर धरूनच उचललं आणि तो एकदम वर आला, वाजवीपेक्षा जास्त, मान कलंडली. विधी करणारे स्वामी घाईनं म्हणाले, सावकाश, सावकाश.

खड्ड्यात विभूती लागते, बेलाची पानं लागतात, मीठ लागतं. मीठ आमच्याच दुकानातलं. मी आणि हमाल ते आणायला मागच्या खोलीत आलो. गाडी तिथंच भिंतीला टेकून होती, दांडीवर जुन्या खडूच्या खुणा तशाच होत्या. म्हाताऱ्यानं मिठाचं पोतं ओढलं आणि आयुष्यभराच्या सवयीनं सरळ काट्याच्या फळीवर चढवलं. वजन सरकवायला हात दांडीकडं नेला.

"किती घ्यायचं, मालक?"

"मोजू नको," मी म्हटलं. माझा आवाज केवढा मोठा निघाला ते मला तेव्हा कळलं नाही, पण बाहेरच्या लोकांनीही वळून बघितलं म्हणे. "आज न्हाय मोजायचं. सगळंच घे."

त्यानं दांडीवरचा हात काढला. मग आम्ही दोघांनी मिळून ते पोतं उचललं.